कुंकू खाली ठेविलों आहें

या सदरातले गूढ अनुभव मी गेली कित्येक वर्षं वाचतोय. आणि खरं सांगतो, वाचून हसलोही आहे. माझं सगळं आयुष्य पंपांच्या तपासणीत आणि देखभालीत गेलं. पंप कंप पावतो, तापतो, ओरडतो, रुसतो — पण प्रत्येक वेळी कारण असतं. बेअरिंग गेलेलं असतं, अलाइनमेंट सुटलेली असते, नाहीतर कुणीतरी वाल्व अर्धवट उघडा ठेवलेला असतो. कारण सापडलं नाही तर ते आपण नीट शोधलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. अडतीस वर्षं मी हाताखालच्या माणसांना हेच शिकवलं.

आता शहात्तराव्या वर्षी मला एका गोष्टीचं कारण सापडत नाहीये. आणि ते सांगायचं तर आधी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल, जी मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. माझ्या बायकोलाही नाही. ती चार वर्षांपूर्वी गेली.

मी मूळचा साताऱ्याकडचा. डिप्लोमा करून नोकरीसाठी चेन्नईला आलो, तेव्हा ते मद्रास होतं. उत्तरेला खाडीच्या काठावर एक रासायनिक कारखाना होता — नाव लिहीत नाही, आता तो बंदही झालाय. तिथे मी मेंटेनन्समध्ये लागलो आणि पुढे सुपरवायझर झालो. सगळीकडे तमिळ. पहिली दोन वर्षं मी खाणाखुणांवरच काढली म्हणा ना. त्या एवढ्या मोठ्या कारखान्यात माझ्याशी मराठीत बोलणारा एकच माणूस होता — पंपहाऊसचा फिटर, कृष्णोजीराव.

ते तंजावरचे. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मराठी बोलत आलेले, पण ती मराठी आपली नव्हे. 'आलों', 'गेलों', 'मजला', 'कोठें'... आणि सगळ्याला तमिळचा हेल. सुरुवातीला मला हसू यायचं. एकदा मी त्यांना म्हणालो, "राव, तुमची मराठी अगदी पोथीतली आहे हो."

त्यावर ते हात पुसत म्हणाले, "आणि तुमची पेपरांतली, सार. आम्ही राजाबरोबर आलों. तुम्ही काल रेल्वेनें आलांत."

माझ्यापेक्षा ते सात-आठ वर्षांनी मोठे, तरी मला 'सार', म्हणजे 'सर', म्हणायचे. मी त्यांना 'राव' म्हणायचो. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. माझ्या बायकोच्या हातचं पिठलं त्यांना फार आवडायचं आणि त्यांच्या घरच्या सांबाराची चव माझ्या जिभेवर अजून आहे. त्यांचा हात असा की ग्लँड बसवावं तर त्यांनीच. ग्लँड म्हणजे पंपाचा शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथलं दोरीसारखं पॅकिंग, दोन नटांनी आवळलेलं. सैल ठेवलं तर पाण्याची धार लागते, जास्त आवळलं तर शाफ्ट घासून जळतो. राव कानाने आणि बोटाने ठरवायचे. "एका श्वासास एक थेंब," म्हणायचे. नवे इंजिनीअर पाना घेऊन मोजमाप करायचे, आणि शेवटी रावांनाच बोलवायचे.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्याकडे कूलिंगच्या पाण्याचे तीन पंप होते — ए, बी आणि सी. दोन चालायचे, सी स्टँडबाय. पाणी खाडीचं, खारट. असा पंप नुसता उभा राहिला तर आतून गंजून धरतो, आणि शाफ्टचं वजन एकाच जागी पडत राहिलं तर बेअरिंगही खराब होतं. म्हणून उभ्या पंपाचा शाफ्ट आठवड्यातून एकदा हाताने फिरवायचा असतो. आमच्याकडे हे काम गुरुवारी असे. राव सव्वा फेरा द्यायचे. पूर्ण फेरा, म्हणजे सगळीकडून मोकळा होतो. वर पाव, म्हणजे वजन नव्या जागी बसतं. आणि कितपत फिरला हे कळावं म्हणून कपलिंगवर, म्हणजे मोटर आणि पंपाचा शाफ्ट जोडणाऱ्या चकतीवर, खूण लागते. इतर कारखान्यांत पांढऱ्या रंगाचा पट्टा मारतात. रावांची खूण म्हणजे आयुधपूजेचं कुंकू.

इथे दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजेला सगळ्या यंत्रांना गंध-कुंकू लागतं, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. राव सी पंपाच्या कपलिंगवर गंधात कालवलेल्या कुंकवाचा टिळा लावायचे आणि मग वर्षभर तोच त्यांचा काटा. पुसट झाला की त्याच जागी पुन्हा लावायचे. या गुरुवारी कुंकू वर, पुढच्या गुरुवारी दाराच्या बाजूला, मग खाली, मग भिंतीच्या बाजूला, मग परत वर. कुंकू कुठे आहे ते पाहून ते सांगायचे, पंप फिरवलाय की नाही.

एकतीस वर्षांपूर्वी, ऐन उन्हाळ्यात, त्यांची आई तंजावरला अंथरुणाला खिळली. मोठी रजा घ्यायला लागणार होती. पंपहाऊसला बदली फिटर नव्हता. जायच्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले.

"सार, सी पंपाचें तुम्हीच पाहा. दुसरे कोणास सांगूं नका. नुसती टिक मारतात पोरें."

"मी स्वतः फिरवीन, राव. निर्धास्त जा."

"कुंकू खाली ठेविलों आहें. पुढले गुरुवारीं भिंतीस यावें." मग पिशवी उचलली आणि दारातून वळून म्हणाले, "जाऊन येतों."

नुसतं 'जातो' ते कधी म्हणत नसत. इथे कुणीच म्हणत नाही.

पहिल्या गुरुवारी माझी मीटिंग होती. दुसऱ्या दिवशी जाऊ म्हणून मी रजिस्टरमध्ये टिक मारली, सही केली. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. पंपहाऊस वर्कशॉपपासून अर्धा किलोमीटर, खाडीच्या टोकाला, वरून ऊन. दुसऱ्या गुरुवारी खरंच विसरलो. तिसऱ्या गुरुवारी विसरलो नाही. आठवलं, आणि गेलो नाही. त्यानंतर टिक मारायची सवयच झाली. सात गुरुवार, सात टिका, सात सह्या.

सातव्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ए पंपाचं बेअरिंग गेलं. सी सुरू केला. मोटर नुसती घुमली आणि ब्रेकर पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा पडला. शाफ्ट धरला होता — तसूभरही हलला नाही. पाणी तुटलं, प्लांट बंद पडला, आत बरंच नुकसान झालं. अकरा दिवस कारखाना उभा होता. कुणाला इजा झाली नाही, एवढंच.

मी धावत पंपहाऊसला पोचलो तेव्हा ऑपरेटर वर फोनवर होता. सी पंपापाशी मी एकटा. वाकून पाहिलं. कुंकू खाली होतं. रावांनी ठेवलं होतं तिथेच.

शाफ्ट हललाच नसल्यामुळे तो टिळा म्हणजे साक्ष होती. सात वेळा फिरवला असता तर तो दाराच्या बाजूला असता. मी कोपऱ्यातलं कापसाचं वेस्ट घेतलं, डिझेलमध्ये बुडवलं आणि कपलिंग पुसून टाकलं. तीन सेकंद लागले असतील.

सोमवारी राव परतले. आई गेली होती. डोकं तुळतुळीत केलेलं, गळ्याशी बटण लावलेला शर्ट. तशाच अवस्थेत त्यांना चौकशीला उभं केलं. तोवर रोटर मोठ्या पान्याने जोर लावून सोडवलेला होता, त्यामुळे काय कशामुळे धरलं होतं ते सांगता येण्यासारखं राहिलं नव्हतं. पॅकिंग मात्र निघालं होतं, लाकडासारखं वाळलेलं. सात आठवडे न हललेलं पॅकिंग तसंच निघणार. पण मी रिपोर्टमध्ये लिहिलं — रजेवर जाण्यापूर्वी फिटरने ग्लँड प्रमाणाबाहेर आवळलं. शाफ्ट दर आठवड्याला फिरवत होतो, शेवटी शेवटी जड लागत होता, असंही लिहिलं.

राव मॅनेजरकडे पाहतच नव्हते. माझ्याकडे पाहत होते.

"सार, कुंकू पाहिलांत? कोठें होतें?"

मी म्हणालो, "कुंकू नव्हतं, राव. पुसलं गेलं असेल."

"नव्हतें?"

"नव्हतं."

त्यांनी मान हलवली.  त्यांना पंपहाऊसमधून काढून स्टोअरला टाकलं. बढती ठरलेली होती, ती गेली. निवृत्त होईपर्यंत पाच वर्षं ते स्टोअरच्या खिडकीत बसून नट-बोल्ट देत राहिले. पंपाला हात लावायची त्यांना मनाई नव्हती. पण त्यांनी परत कधी लावला नाही.

आणि त्या दिवसापासून ते माझ्याशी मराठीत बोलले नाहीत. मी खिडकीपाशी गेलो की उठून उभे राहायचे. "सोल्लुंग सार." सांगा सार. मी मराठीत बोललो तरी उत्तर तमिळमध्ये. मी समजलो की त्यांना सगळं कळलंय, आणि ही मला शिक्षा आहे. माझी तीच लायकी होती म्हणून मी गप्प राहिलो. नऊ वर्षांपूर्वी ते वारल्याचं कळलं. मी गेलो नाही. तोंड कुठे होतं?

*

आता अलीकडचं.

मी चेन्नईतच, पेरुंगुडीला नवव्या मजल्यावर एकटा राहतो. मुलगा परदेशात, रविवारी त्याचा फोन येतो. आठवड्यातली माझी मराठी ती तेवढीच — "जेवलात का बाबा, गोळ्या घेतल्या का बाबा." आमची बिल्डिंग आयटीवाल्यांची. सकाळी सगळे बाहेर पडले की लिफ्टचा आवाजही थांबतो. गेल्या वर्षी सोसायटीच्या सेक्रेटरी बाईंनी मला लिफ्टमध्ये गाठलं. "अंकल, तुम्ही पंपातले ना? आमची फायर पंपांची तपासणी व्हायची आहे. तुम्ही आठवड्यातून एकदा नजर टाकाल का?"

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. कुणीतरी काम सांगितलं. कोणत्या वारी जाऊ, असा विचारही केला नाही. गुरुवारीच जायला लागलो.

तळघरात पंपरूम आहे. आग विझवायच्या पाण्याचे दोन पंप. पहिला चालू स्थितीत. दुसरा गेली तीन-चार वर्षं नुसता उभा. त्याचा स्टार्टर दुरुस्तीला नेला तो परत आलाच नाही, मोटरला वायरसुद्धा जोडलेली नाही. आमचा इलेक्ट्रिशियन सेल्वम, पन्नाशीचा, बोलका माणूस. आयुधपूजेला त्याने दोन्ही पंपांना गंध-कुंकू लावलं. दुसऱ्याच्या कपलिंगवरही एक टिळा, अगदी वर. मी पाहिलं आणि सी पंप आठवला. पण म्हटलं, असू दे. त्याने कपलिंगच्या जाळीचं कव्हर परत बसवलं, चार बोल्ट आवळले.

पुढच्या गुरुवारी मी खाली गेलो. जाळीतून पाहिलं. कुंकू दाराच्या बाजूला होतं.

मी सेल्वमला विचारलं. "नान तोडवे इल्ल सार!" हात सुद्धा लावला नाही म्हणाला. "त्या पंपाला कोण हात लावतंय, सार? तो तर रिटायर झालाय." मग माझ्याकडे पाहून जीभ चावली. मी हसलो.

त्याच्या पुढच्या गुरुवारी कुंकू खाली होतं.

आता मी कारण शोधायला लागलो. अशा वेळी पहिला संशय नॉन-रिटर्न वाल्ववर. तो गळत असला तर वरच्या टाकीचं पाणी उलटं येऊन बंद पंप मागच्या मागे फिरवतं. हे मी शंभरदा पाहिलंय. म्हणून बाहेरचा वाल्व पूर्ण बंद केला, चाकाला साखळी घालून कुलूप लावलं, किल्ली खिशात. पंपरूमची दुसरी किल्लीही सेक्रेटरींना सांगून मीच घेतली. तिसऱ्या गुरुवारी कुंकू भिंतीच्या बाजूला.

मग कव्हरच्या चारही बोल्टांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि प्रत्येकीवर माझी सही केली. सही करताना हात थांबला. तीच सही. तशीच, शेवटी खाली रेघ ओढलेली.

चौथ्या गुरुवारी पट्ट्या चारही शाबूत. कुंकू वर.

पाचव्या गुरुवारी दाराशी. सहाव्या गुरुवारी खाली. फोनमध्ये फोटो आहेत. पण फोटोवरून काय सिद्ध होतं? एक कपलिंग, एक लाल टिळा. मी स्वतःलाच विचारलं की आपलं डोकं ठिकाणावर आहे ना. डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी रक्तदाबाची गोळी बदलून दिली.

सातव्या गुरुवारी मी खुर्ची, थर्मास आणि वर्तमानपत्र घेऊन सकाळी आठला पंपरूममध्ये जाऊन बसलो. दुपारी एकपर्यंत बसलो. पहिला पंप गप्प, दुसरा गप्प. तळघरात वरच्या गाड्यांचा घरघराट येतो, तेवढाच. मला भीती अजिबात वाटली नाही, हे मुद्दाम सांगतो. वाटत होतं ते वेगळंच... कुणीतरी शेजारी बसून डबा उघडेल असं. कुंकू हललं नाही. शुक्रवारी पाहिलं, तिथेच. आठव्या गुरुवारीही तिथेच, खाली.

आठव्या गुरुवारी वर येताना लिफ्टमध्ये माझ्या लक्षात आलं. 'कुंकू खाली ठेविलों आहें.' जाताना त्यांनी मला जसं सोपवलं होतं, तसंच आणून ठेवलं होतं. त्याच जागी. पुढचं माझ्याकडे.

मी घरात जाऊन जुन्या फोन नंबरांची वही शोधून काढली.

*

जुन्या सहकाऱ्यांपैकी एक-दोघांना फोन करून रावांच्या मुलीचा पत्ता मिळवला. तुळजा तिचं नाव. टी. नगरमध्ये साड्यांच्या मोठ्या दुकानांच्या मागच्या गल्लीत साड्यांना फॉल लावून द्यायचं तिचं छोटं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शिवणयंत्र, भिंतीवर रंगीत रिळं, आणि वर रावांचा फोटो. गर्दीतून धक्के खात पोचलो तेव्हा अंगातून पाणी निघत होतं. लहानपणी ती कारखान्याच्या वार्षिक जेवणाला यायची. आता पंचावन्नची असेल. चष्म्यावरून पाहिलं आणि लगेच ओळखलं.

"अय्यो, सार मामा! आत या. कॉफी घ्याल नव्हे?"

मी स्टुलावर बसलो. ती यंत्र चालवत बोलत होती, कारण कुणाची तरी साडी चारपर्यंत द्यायची होती. मी म्हणालो, तुझ्या अप्पांबद्दल बोलायला आलोय. सी पंपाबद्दल.

"तें ग्लँड? अप्पांनीं आवळिलेलें?"

तिने दोरा तोडला आणि साडी फिरवून घेतली.

"तें फार मनास लावून घेतलें हो त्यांनीं," ती म्हणाली. "घरीं नळ गळला तरी हात लावीत नव्हते. अम्मा चिडवी — फिटराचे घरीं प्लंबर येतो म्हणून! अप्पा म्हणत, माझे हातास आतां अंदाज नाहीं."

 एकतीस वर्षं मी समजत होतो की त्या माणसाला सगळं माहीत आहे.

"पण... ते माझ्याशी मराठी बोलायचे बंद झाले. रागावले होते ना माझ्यावर?"

"राग?" तिने यंत्रावरून मान वर केली. "लाज हो, मामा. सार माझे भरंवशावर होते, मी त्यांस सर्वांसमोर खालीं पाहावयास लाविलें म्हणत. त्यांचेसमोर आपली भाषा बोलावयास तोंड नाहीं म्हणत."

तेव्हा मी सांगितलं. पहिल्या टिकपासून. मीटिंग, ऊन, सात सह्या, वेस्ट, डिझेल. यंत्र थांबलं. बाहेर बसवाला हॉर्न वाजवत होता.  सगळं झाल्यावर ती म्हणाली, "पुसलांत?"

"हो."

"कुंकू होतें?"

"होतं. खाली. त्यांनी ठेवलं होतं तिथेच."

ती फोटोकडे वळली. म्हणाली, "शेवटले दोन दिवस अप्पा हेंच विचारीत होते. कुंकू कोठें गेलें म्हणून. आम्हांस काय समजणार? अम्मा आपलें कपाळ दाखवी. आहे हो, आहे, म्हणे."

मी रडलो. तिने मला पाणी दिलं, पण रडू नका असं म्हणाली नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही, आणि मी माफी मागितलीही नाही. मग मी तिला पेरुंगुडीचं सांगितलं. मला वाटलं ती घाबरेल, किंवा म्हातारा चळला असं समजेल. तिने फक्त विचारलं, "आतां खालीं आहे?"

"हो. दोन आठवडे."

"मग येथें काय करतां, मामा? जाऊन फिरवा."

मी उठलो. पायरी उतरताना तिने हाक मारली. "तें पुस्तकांत लिहिलांत तुम्ही. तुमचे सहीनें. आतां हेंही लिहा."

"कुठे लिहू? कारखानाच राहिला नाही. कुणाला पाठवू?"

"अप्पा ज्या भाषेंत गप्प झाले तींत लिहा."

म्हणून हे लिहितोय. इथे, कारण मराठी माणसं इथे वाचतात. स्पष्ट लिहितो, म्हणजे कुणाचा गैरसमज राहायला नको. सी पंपाचं ग्लँड बरोबर होतं. कृष्णोजीरावांच्या हाताची काहीही चूक नव्हती. शाफ्ट मी एकदाही फिरवला नाही. रजिस्टरमधल्या सातही सह्या खोट्या आहेत. कुंकू होतं, आणि ते मी पुसलं.

तुळजाला देवनागरी वाचता येत नाही. त्यांच्या घरात मराठी फक्त बोलतात. त्यामुळे पाठवण्याआधी हे सगळं मी तिला दुकानात जाऊन वाचून दाखवलं. तिने एकच दुरुस्ती सांगितली. मी 'एक फेरा' लिहिलं होतं. "सव्वा लिहा," म्हणाली. "अप्पा सव्वा म्हणत."

तिच्याकडे पहिल्यांदा जाऊन आलो, त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी दहा वाजता मी पाना घेऊन खाली गेलो. माझ्या सहीच्या पट्ट्या चारही शाबूत होत्या. त्या फाडल्या, कव्हर काढलं, कपलिंगला दोन्ही हात घातले. तीन-चार वर्षं न फिरलेला पंप. मला वाटलं होतं सेल्वमला बोलवावं लागेल, पान्याला पाइप लावून जोर काढावा लागेल. शाफ्ट लोण्यासारखा फिरला. कालपरवाच कुणीतरी फिरवलेला असावा तसा. सव्वा फेरा दिला. कुंकू भिंतीच्या बाजूला आणून ठेवलं.

हे कसं झालं याचं कारण माझ्याकडे नाही. वाल्व बंद, वायर नाही, पट्ट्या शाबूत, किल्ल्या माझ्या खिशात. वाचकांत कुणी पंपातलं असेल आणि माझं काही बघायचं राहिलं असेल, तर जरूर कळवा. मी खरोखर तपासून पाहीन.

त्यानंतर दर गुरुवारी मीच फिरवतो. टिळा पुसट झाला की त्याच जागी नवा लावतो. फिरवून झालं की कव्हर बसवतो, दिवा घालवतो आणि दारातून वळून म्हणतो, "जाऊन येतो, राव." मराठीत. तळघरात मोठ्याने बोललेलं फार घुमतं.

आणि पुढच्या गुरुवारी कुलूप काढलं की पाना हातात घेण्याआधी मी जाळीतून वाकून पाहतो. कुंकू मी ठेवलेलं असतं तिथेच असतं. प्रत्येक वेळी तिथेच. तरी मी दर वेळी आधी पाहतो.